सर्व्हर बदलला आणि एसएसआयचं 'इफ' रुसलं

खटपट्या: माझी साइट अजून जुन्या पद्धतीच्या एसएचटीएमएल पानांवर आहे (हसा खुशाल), म्हणजे एसएसआय (सर्व्हर-साइड इन्क्लूड्स) वापरून पान पाठवण्याआधी सर्व्हरच त्यात दुसऱ्या फाइली जोडतो. मेनूची एकच फाइल सगळ्या पानांत इन्क्लूड होते आणि चालू पानाचं नाव इफ-एल्सनं ठळक होतं. होस्टवाल्यांनी शेअर्ड सर्व्हर अपाचे (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) 2.2 वरून 2.4 वर नेला. इन्क्लूड चालतंय, पण इफ आलं की तिथे एररची ओळ. अट अशी: डॉलर, डॉक्युमेंट यूआरआय, बरोबरचं चिन्ह, तिरक्या रेषांत रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना). दोन रात्री अवतरणचिन्हं मोजतोय.

जुनाखिळा: अवतरणं सोडा. 2.4 मध्ये एक्स्प्रेशनचा पार्सरच (अट वाचणारा भाग) बदलला, डॉलरवाली पद्धत त्याला कळत नाही. इंग्रजी व्ही लिहून कंसात दुहेरी अवतरणांत व्हेरिएबलचं नाव द्या. बाहेरची अवतरणं मग एकेरी हवीत.

खटपट्या: केलं. तरी तेच!

जुनाखिळा: बरोबरचं चिन्ह तसंच ठेवलंत ना? ते आता फक्त मजकूर ताडून बघतं. रेजेक्ससाठी त्यापुढे टिल्ड (~) लागतो. मीही इथेच अडकलो होतो.

आळशी_अ‍ॅडमिन: पानं फार असतील तर एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (फोल्डरातली सर्व्हर-सेटिंगची फाइल) 'एसएसआयलेगसीएक्स्प्रपार्सर ऑन' लिहा, जुनी वाक्यरचना चालेल. होस्टनं ओव्हरराइडला (त्या फाइलीतून सेटिंग बदलायला) परवानगी दिली नसेल तर थेट 500 (सर्व्हर एरर) येईल, तेव्हा आधी चाचणीच्या फोल्डरात.

खटपट्या: टिल्डच होता! फाइल एकच, म्हणून अट हातानंच बदलली. एरर लॉग आधी उघडायला हवा होता, तिथे फाइलचं नाव दिसत होतं.