डॉक्टर हू: सुरुवात कुठून करावी?

चहाबाज
मुक्काम कोलंबस, ओहायो. लेकीला (वय ११) शाळेतल्या मैत्रिणीनं डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही मालिकेचं वेड लावलंय. बघायला गेले तर मालिका १९६३ पासूनची! पहिला भाग लावला. काळापांढरा, संथ. दहाव्या मिनिटाला लेक फ्रिजपाशी. त्याआधी विचारून झालं, "आई, ते उभं खोकं म्हणजे पोर्टा पॉटी (फिरता संडास) आहे का?" मलाही सांगता येईना. जाणकारांनो, मदत करा.

पन्हं
😂 पोलीस बॉक्स आहे तो. पूर्वी लंडनच्या रस्त्यांवर असायचे, ठाण्याशी थेट जोडलेला फोन असलेले. डॉक्टर म्हणजे काळातून फिरणारा परग्रहवासी. त्याचं यान खरं तर जागेप्रमाणे रूप बदलतं, पण ती सोय बिघडली आणि ते कायमचं खोकं झालं.

१९६३ सध्या राहू द्या. १९८९ ला मालिका बंद पडली होती, २००५ ला नव्यानं आली. तिथला पहिला भाग 'रोझ' लावा. रोझ दुकानात काम करणारी साधी मुलगी, डॉक्टर कोण हे तिलाही माहीत नसतं, त्यामुळे आपण तिच्यासोबतच शिकतो. इफेक्ट्स अगदीच स्वस्तातले: कचऱ्याचा डबा माणूस गिळतो आणि वर ढेकर देतो. मोठ्यांनी निमूट सहन करावं, पोरं खूश असतात. १३ भागांचा सीझन आहे. शेवटी डॉक्टरचा चेहरा बदलेल, घाबरू नका. १९६६ ला पहिल्या नटाला तब्येतीमुळे झेपेना, तेव्हा नट बदलायला काढलेली ही पळवाट आहे.

जुनंखोड
पन्हं, असहमत. ८० च्या दशकात मी इथे शिकायला आलो तेव्हा लोकवर्गणीवर चालणाऱ्या पब्लिक टीव्हीवर शनिवारी रात्री चार-चार भाग जोडून सिनेमासारखे दाखवायचे. मध्येच वर्गणी मागायला माणसं यायची, त्यांच्यामागे लांबलचक स्कार्फ घातलेले स्वयंसेवक फोन घेत बसलेले. तो स्कार्फ डॉक्टरचं काम करणाऱ्या टॉम बेकरचा (१९७४-८१). आमच्या पिढीच्या अमेरिकेत डॉक्टर म्हणजे तोच. १९७९ चं 'सिटी ऑफ डेथ' बघा. पॅरिस, आणि एकीच्या जागी सात मोनालिसा.

अर्धाकप
'ब्लिंक' हा भाग, २००७. आधीचं काहीच माहीत नसलं तरी चालतं. नजर हटली की पुतळे जवळ येतात.

पन्हं
११ वर्षांच्या मुलीला ब्लिंक?? रात्री तिच्याजवळ तुम्ही झोपणार का?

अर्धाकप
बरं, नंतर. आणि आजी भारतातून आल्या की २०१८ चा 'डीमन्स ऑफ द पंजाब' सगळ्यांनी मिळून बघा, फाळणीवर आहे. जाता जाता: तुम्ही अर्धवट सोडलेल्या त्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. तो भाग केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी लागला, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावा लागला होता.

चहाबाज
अपडेट: 'रोझ' बघितला. ढेकर तीनदा मागे नेऊन झाली. पण त्यात दुकानातले पुतळे जिवंत होतात हे कुणीच सांगितलं नाहीत! आज मॉलमध्ये माझा हात घट्ट धरून चालत होती, कपड्यांच्या दुकानांच्या पार पलीकडच्या बाजूनं. जुनंखोड काका, स्कार्फ किती फूट विणायचा ते सांगा.