सिंक आणि बेसिन: तुमच्या घरी कसं घासतात?

अबोली
काल मंडईत नारळवाल्याने शेंडी सोलून बाजूला टाकली, मी ती मागून घेतली. नारायण पेठेतल्या वाड्यात आजीच्या मोरीत कोनाड्यामध्ये अशीच शेंडी असायची, शेजारी राखेचं मडकं आणि चिंचेचा चोथा. रात्रीची भांडी झाली की ती शहाबादी फरशी राखेने घासायची, बंबातलं उरलेलं गरम पाणी सोडायची आणि मग जुना पंचा घेऊन बसायची. आधी मोरीची कड, मग नळाचं बूड, मग फरशीचे सांधे, सगळं बोटाने दाबून दाबून कोरडं. "मोरी ओली ठेवून झोपायचं नाही" असं तिचं म्हणणं.

माझं सिंक स्टीलचं आहे, राख घरात येत नाही, पण ते कोरडं पुसणं मी सोडलेलं नाही. झुरळांना रात्री पाणी मिळत नाही, वास येत नाही, आणि पांढरे डाग पडायला नळावर थेंबच उरत नाहीत. भांड्याच्याच साबणाने घासते, स्टीलवर ज्या बारीक रेघा असतात त्यांच्याच दिशेने. गोल गोल घासलं की चरे उठून दिसतात.

तुम्ही काय करता? घरातल्या मोठ्यांकडून आलेलं असेल तर ते आधी लिहा.

वाघोली_बी_विंग
आमच्याकडे टँकर आणि बोअर. नळाच्या बुडाशी पांढरा दगडासारखा थर. पुसून पुसून तरी किती पुसणार, दिवसभर नळ चालूच असतो. बहीण सदाशिव पेठेत राहते, तिला खडकवासल्याचं पाणी, तिच्या नळांना हा प्रकारच नाही 😔

उपाय सापडलाय तो लिहिते. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं (सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतो तेच). चमचाभर वाटीभर कोमट पाण्यात, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळायचं, अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशने थर सुटतो. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते, ती त्याच वाटीत टाकायची. आमची धार वाकडी यायची ती सरळ झाली.

चिंतामणी_काका
लिंबूसत्व उत्तम. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं, पाणी वाळलं की मागे राहतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात विरघळतो, साबणाला दाद देत नाही.

मात्र एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. पुण्यातल्या जुन्या स्वयंपाकघरांत ओटा कडप्प्याचा असतो आणि मोरीत शहाबादी. दोन्ही चुनखडीच. म्हणजे जो पदार्थ नळावरचा थर खातो तोच ओटाही खातो. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड, काहीही सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. संगमरवरालाही हेच लागू. ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही.

सई_कोथरूड
काका ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा कसं ओळखायचं? भाड्याचं घर आहे, काळा आहे एवढंच माहीत

चिंतामणी_काका
सई, ग्रॅनाइटमध्ये जवळून बघितलं की चकाकणारे दाणे दिसतात. कडप्पा सगळीकडे एकसारखा, काळा-राखाडी. खात्री नसेल तर मागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा. तिथली चकाकी गेली तर कडप्पा.

सई_कोथरूड
गेली 🙈 कडप्पा आहे. कोपऱ्यातच केलं म्हणून बरं, थँक्यू काका

पुरणपोळी
आमच्याकडे गौरीजेवण असतं, वीस-पंचवीस पानं. पुरणाचा कट, तूप, तळणीचं तेल, सगळ्याचा मारा त्या एका जाळीवर. सासूबाईंनी नियम घालून दिलाय, तुपाचं कुठलंही भांडं आधी वर्तमानपत्राने पुसायचं आणि मगच सिंकमध्ये ठेवायचं. कागद कचऱ्यात. पातेल्याला नुसता हात फिरवला तरी कागद केवढा तुपकट होतो ते बघा, ते सगळं एरवी पाइपात जाऊन गोठलं असतं.

तळणीचं उरलेलं तेल तर अजिबात ओतू नका, बाटलीत भरा. चहाचा चोथा कुंडीत. खरकटं ओल्या कचऱ्याच्या बादलीत, सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात त्या नेतात. वेगळं केलेलं असलं की त्यांचाही हात घाण होत नाही.

अबोली
पुरणपोळी, सासूबाईंना नमस्कार सांगा! पंचवीस पानांच्या नंतर कागद घेऊन उभं राहायला जिद्द लागते.

पुरणपोळी
सांगते गं 😊 आणि कटाची आमटी लागली तर हक्काने ये, यंदा चारोळी घालून साटोऱ्यापण करणारे

रोहन_कर्वेनगर
साटोऱ्या 😭 आम्ही चार जण मेसचा डबा खातो

बरं विषयावर. ऑनलाइन सगळीकडे सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता म्हणतात, छान फसफसतं पण तुंबलेलं काही सुटत नाही. असं का?

चिंतामणी_काका
रोहन, कारण दोघं एकमेकांना संपवतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, मागे राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात ना आम्लाचा जोर ना सोड्याचा. वेगवेगळे वापरा. तेलकटाला सोडा, पांढऱ्या थराला व्हिनेगर किंवा लिंबूसत्व. खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा तेलावर जास्त चालतो, पण हातमोजे घालून, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांपासून लांब.

पाना_आणि_पकड
मी प्लंबिंगचं काम करतो, सिंहगड रोडला. रोजचं बघतो म्हणून लिहितो.

तुंबलं की लोक आधी पावडर ओततात. पावडरीत बहुतेक कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) असतं. पाण्यात गेलं की प्रचंड तापतं, पाइप पीव्हीसीचा असतो, सांधा सैल होतो आणि मग ओट्याखाली गळती. पुन्हा आम्ही ते खोलायला जातो तेव्हा आत साठलेलं कॉस्टिकचं पाणी हातावर येतं. पावडर टाकली असेल तर प्लंबर आल्या आल्या सांगा, हात जोडून विनंती. उकळतं पाणीसुद्धा पीव्हीसीत नको, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे.

करायचं काय? बेसिनखाली बाटलीसारखा फुगीर भाग असतो, बॉटल ट्रॅप. खाली बादली ठेवा, बुडाची वाटी हातानेच डावीकडे फिरवा. निघते. केस, कानातल्याची फिरकी, टूथपेस्टचा राखाडी चिखल सगळं त्यात. धुऊन वॉशर नीट बसवून परत लावा. पाना घट्ट आवळू नका, प्लास्टिकचे आटे जातात. दहा मिनिटांचं काम, त्याला माणूस बोलवायची गरज नाही.

वाघोली_बी_विंग
दादा तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक कमी करताय 😄

पाना_आणि_पकड
ताई, रविवारी रात्री अकराला फोन येण्यापेक्षा हे बरं

मृदुला
त्या ट्रॅपमध्ये पाणी का साठवलेलं असतं? आमच्या गेस्ट बाथरूमला सारखा वास येतो, फिनेल टाकून टाकून थकले. तिथे कोणी जातही नाही

पाना_आणि_पकड
त्या साठलेल्या पाण्यानेच ड्रेनेजचा वास अडतो. वापर नसला की ते वाळतं आणि वास सरळ वर येतो. फिनेलने काय होणार? आठवड्याला एक तांब्या पाणी बेसिनमध्ये आणि एक खालच्या जाळीत ओता. गावाला जाऊन आल्यावर घर उघडताच वास येतो तोही यामुळेच.

मृदुला
पाणी ओतलं दादा. संध्याकाळपर्यंत वास गेला. खूप खूप धन्यवाद

शनिवारपेठी
अबोली, मोरीचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी ओसरल्यावर त्यांच्या वाड्यात मोरीत हातभर गाळ होता. आधी फावड्याने, मग खराट्याने, मग फडक्याने. वाड्यातल्या सगळ्या बायका एका मोरीतून दुसऱ्या मोरीत जात होत्या, कोणाची कुठली बघत नव्हत्या. आई तेव्हा लहान होती, तिच्याकडे तांब्या धरायचं काम.

टिप अशी काही नाही. आई आज पुष्कळ बोलली म्हणून लिहिलं.

अबोली
अगं आजीही तेच सांगायची! नारायण पेठेतही तसाच गाळ. आईंना अजून विचार आणि लिहून ठेव, प्लीज.

शनिवारपेठी
फोनवर रेकॉर्डच करतेय

धनश्री_धायरी
एक महत्त्वाचं. आमच्या कामाच्या मावशींना दुसऱ्या एका घरी संडासचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करून बेसिन घासायला सांगितलं. दार बंद. खोकून खोकून बेजार झाल्या, डोळे लाल, आमच्याकडे आल्या तेव्हा बोलता येत नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं, आता बऱ्या आहेत.

ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्वसुद्धा आम्लच आहे. मावशींना बाटलीवरचं वाचता येत नसेल तर आपण सांगायचं, आणि दोन बाटल्या शेजारी ठेवायच्याच नाहीत. खिडकी उघडी, हातमोजे आपण आणून द्यायचे. मला याचा फार राग आलेला आहे.

पुरणपोळी
धनश्री योग्य केलंस. मावशींना विश्रांती दे गं दोन दिवस

धनश्री_धायरी
दिली, पगारी

चिंतामणी_काका
धनश्रीताईंच्या मुद्द्याला जोडून: संडासच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते स्टीलच्या सिंकला कधीही लावू नये. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं, त्याचा अदृश्य पापुद्रा स्टीलला गंजू देत नाही. क्लोराइड तो पापुद्रा फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. मिठाचं पाणी, ब्लीच रात्रभर ठेवणं, सगळं त्यातच आलं.

सई_कोथरूड
मग माझ्या सिंकमध्ये तांबूस ठिपके आहेत ते? ॲसिड तर कधीच लावलं नाही

अबोली
ओला लोखंडी तवा ठेवतेस का? किंवा तारेची घासणी? तिचे कण चिकटून गंजतात, बहुतेक वेळा स्टील गंजलेलं नसतं. खाण्याच्या सोड्याचा लगदा मऊ फडक्याने चोळ, निघतील. आणि घासणीऐवजी शेंडी वापर.

सई_कोथरूड
शेंडी नॉनस्टिकला चालेल?

अबोली
नको, त्याला मऊ स्पंजच.

मानसी_एनआयबीएम
बेसिनचं कोणी लिहिलंच नाही फारसं. आरशाखाली वरच्या बाजूला जे छोटं भोक असतं ना, पाणी वर आलं तर जायला, वासाचं मूळ पुष्कळदा तिथे. बाळाच्या बाटलीचा ब्रश घालून बघा काय निघतं. ईऽऽ

जाळीभोवती गुलाबी बुळबुळीत येतं ते क्षार नाहीत, जिवाणूंचा थर असतो. साबणाने घासून कोरडं ठेवलं की येत नाही, पुन्हा आजीच बरोबर. केसांसाठी केबल टायला कात्रीने तिरके काप द्यायचे, आत घालून वर ओढायचं

बाळ उठलं, बाकी नंतर

रोहन_कर्वेनगर
पाना दादा, तुमचं वाचून ट्रॅप खोलला. तीन पिढ्यांच्या भाडेकरूंचे केस निघाले असावेत. सगळं धुतलं, पण वॉशर चिरलेला आहे. कुठे मिळेल?

पाना_आणि_पकड
शाब्बास! कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, नाहीतर बोहरी आळीत. जुना वॉशर सोबत घेऊन जा, बेसिनचं आणि सिंकचं माप वेगळं असतं. दोन घेऊन ठेव. आणि तोवर खाली बादली राहू दे, नळ चालू करू नकोस.

रोहन_कर्वेनगर
निघालो. रूममेटने दात घासायला नळ सोडला आत्ताच, बादली होती म्हणून वाचलो