रोजचं घरचं जेवून वजन उतरतं की वेगळा आहारच लागतो?

सुमेधा, पुणे

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी त्या माणसाचं ताट वेगळं होतं. बाकीच्यांना पोळी-भाजी, वरण-भात. त्याला ओट्स, उकडलेली ब्रोकोली, वाटीभर सॅलड. सुरुवातीला घर कौतुकानं सांभाळून घेतं. मग पाहुणे येतात, गणपती येतात, स्वयंपाक करणारी आजारी पडते आणि वेगळं ताट बंद होतं. वजन परत चढतं आणि 'आपल्याच्यानं हे होणारच नाही' अशी समजूत कायमची बसते. माझं ठाम मत आहे की घरात सगळ्यांसाठी जे शिजतं त्यातूनच वजन उतरवावं, कारण जन्मभर खायचं तेच आहे.

सुरुवात ताटापासून नको, किराण्याच्या यादीपासून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल सहज लागतं. पाच लिटर म्हणजे साधारण ४,६०० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, असा हिशेब केला की माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तुपाचा वाटा २७ ग्रॅम धरला आहे. हेच घर साडेतीन लिटरवर आलं तर तेल माणशी २७ ग्रॅमच्या आसपास येतं. वाचले अकरा-साडेअकरा ग्रॅम. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या शंभर. भाजी तीच, पोळी तीच, एक घासही कमी नाही.

दुसरी जागा चहाची. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. सोबत मूठभर फरसाण आलं की आणखी दीडशे. हे सगळं जेवणाच्या बाहेरचं आहे, आणि ठपका मात्र बिचाऱ्या भातावर येतो.

ताटात एवढंच करा: कोशिंबीर, भाजी आणि वरण आधी, पोळ्या किती ते कणकेचे गोळे करतानाच ठरलेलं, भात एकदाच. पटत नसेल तर कारण देऊन लिहा, मला खरंच ऐकायचं आहे.

प्राची, नाशिक

सुमेधाताई, तेलाचा हिशेब चोख आहे, पण 'घरचं तेच, फक्त कमी' या सल्ल्याला माझा विरोध आहे. मी आहारशास्त्र शिकवते. आपल्या शाकाहारी ताटात प्रथिनं मुळातच काठावर असतात. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरून रोज ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. आता नेहमीचं ताट मोजू. दिवसभरात सहा पोळ्या म्हणजे १८० ग्रॅम कणीक, त्यातून २० ग्रॅम. भातातून चार. दोन वाट्या वरणातून दहा, कारण आपल्या वाटीभर वरणात डाळ जेमतेम २०-२५ ग्रॅम असते, बाकी पाणी. भाजीतून तीन-चार, पेलाभर दुधातून सहा-साडेसहा. बेरीज चव्वेचाळीसच्या आसपास.

आता हेच सगळं एक-तृतीयांशानं कमी करा. प्रथिनं तिशीच्या खाली येतात. वजन उतरेल, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतील. काटा खाली आला म्हणून माणूस खूश होतो, जिना चढताना मात्र मांड्या भरून येतात. चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत कमावणं फार कष्टाचं असतं. म्हणून मी म्हणते, ताट लहान करू नका, बदला. आणि बदललं की ते 'रोजचं घरचं' राहत नाही.

सुमेधा, पुणे

का राहत नाही? मटकीची उसळ, चवळी, पिठलं, दही, ताक ही आपल्याच घरातली आहेत. मी वरण कमी करा असं कुठेही म्हटलेलं नाही. तेल, साखर, फरसाण आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात कमी करा, एवढंच. वरण घट्ट करा, उसळ आठवड्यातून एकदा होते ती एक दिवसाआड करा. ४० ग्रॅम मटकी भिजवून मोड आणले की भरपूर वाटीभर उसळ होते आणि त्यातून नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा. यासाठी वेगळा डबा मागवावा लागत नाही.

अभिजित, कोल्हापूर

ग्रॅम, वाट्या, चमचे हे कागदावर छान दिसतं. रोज कोण मोजत बसणार? 'बेतानं खा' असं आपल्या आज्यांच्या काळापासून सांगतात आणि तरीही पोटं सुटतातच, कारण बेत हा ज्याचा त्यानं ठरवायचा असतो आणि भुकेला माणूस तो कधीच कमी ठरवत नाही. त्यापेक्षा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा नियम सरळ आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर तो उभा आहे: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. मधे काही नाही. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आमच्या घरात भाकरी, तांबडा रस्सा, भात सगळं असतं. मी काहीही मोजत नाही आणि माझं वजन उतरलं आहे. जेवण घरचंच, फक्त वेळा दोन. मर्यादा घालायचीच तर ती घड्याळाला घाला, वाटीला नको.

सुमेधा, पुणे

अभिजितदादा, तुमचा चहा-फरसाण-बिस्किटांचा पूर्ण भाग बंद झाला. माझ्या मते परिणामाचा मोठा वाटा तिथूनच आला. दोन वेळा जेवण्याला माझी हरकत नाही, पण सगळ्यांना ते झेपत नाही. दीक्षित सांगतात दोनदाच, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात थोड्या थोड्या वेळानं, भाताला आणि तुपाला घाबरू नका. काही वर्षांपूर्वी यावरून घराघरांत दोन तट पडले होते. दोन्ही वाटांनी वजन उतरलेली माणसं आपण पाहिली आहेत. दोघांत एक गोष्ट सारखी आहे: दोघंही पाकिटातलं सोडायला लावतात आणि घरचं खायला सांगतात.

हेमंत, ठाणे

अभिजित, तुमचा प्रतिसाद वाचून कुणी मधुमेही उद्यापासून दोन वेळांवर जाईल, म्हणून लिहितो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण पुढे ढकललं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, प्रसंगी बेशुद्धी. आधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण बदलून घ्या, मगच जेवणाच्या वेळा बदला. यात तडजोड नाही.

दुसरं, इथे सगळे काट्याबद्दल बोलतात. आपल्या लोकांचा प्रश्न पोटाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणूनच भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा असं सांगतात. घरचं जेवा, जरूर जेवा, पण शिवणकामाची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. प्राचीताईंच्या प्रथिनांच्या मुद्द्याचं महत्त्वही इथेच कळतं. आपल्याकडे स्नायू आधीच कमी असतात.

वैशाली, सोलापूर

तेल मोजलं, पण शेंगदाण्याचं काय? आमच्याकडे प्रत्येक भाजीत कूट, वर शेंगाची चटणी, तीही ताटात डावीकडे ढीगभर. चार माणसांत महिन्याला तीन किलो शेंगदाणे सहज संपतात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते. म्हणजे माणशी रोज बारा ग्रॅम. सुमेधाताईंनी तेलात जेवढं वाचवलं, तेवढं कुटातून परत आलं. वर खोबरं आणि तीळ वेगळेच. शेंगदाणा चांगला आहे, त्यात प्रथिनंही आहेत, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात कूट भरपूर, तिथे भाजीची फोडणी अर्ध्या पळीची हवी. दोन्ही हात सैल सोडून चालणार नाही.

आणि उपासाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. वर तूप, बटाटा, कूट. गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यातले सात-आठ दिवस खिचडीची ताटली भरून खायची आणि वर 'आज काही खाल्लं नाही' म्हणायचं. रोजची भाकरी-भाजी त्यापेक्षा कितीतरी हलकी. उपास करायचाच तर वरीचे तांदूळ बेतानं, सोबत ताक आणि एखादं फळ.

मुक्ता, नागपूर

सगळे हिशेब वाचले. हे करणार कोण? घट्ट वरण, एक दिवसाआड उसळ, मोजलेले गोळे, अर्धी पळी. प्रत्येक वाक्यात काम करणारी बाई आहे आणि तिचं नाव कुठेच नाही.

सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसते. तोवर भाजी तळाला गेलेली असते, वरण संपलेलं असतं. उरतात दोन पोळ्या, भात आणि मुलांनी ताटात टाकलेलं. ते टाकून देववत नाही म्हणून ती खाते. सकाळी रात्रीच्या भाताला पुन्हा फोडणी घालते आणि तोही तीच संपवते, कारण बाकीच्यांना ताजं हवं असतं. तिच्या ताटात प्रथिनं सगळ्यात कमी आणि पीठ सगळ्यात जास्त. तिला तुम्ही 'बेतानं खा' म्हणून सांगता. तिच्या बेतात आहे काय? माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका पन्नाशीत जाड झाल्या आणि तरीही अशक्त राहिल्या. जास्त खाल्ल्यानं नव्हे, उरलेलं खाल्ल्यानं. माझ्यासाठी कुणी वेगळं ताट केलं, ओट्सचं का असेना, तर मी ते आनंदानं खाईन, कारण ते निदान माझ्यासाठी केलेलं असेल.

प्राची, नाशिक

मुक्ता, माझ्याकडे येणाऱ्या बायकांत हेच चित्र सतत दिसतं. त्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही: स्वयंपाक झाल्याबरोबर, कुणी बसायच्या आधी, स्वतःची वाटीभर उसळ किंवा वरण आणि दही बाजूला काढून झाकून ठेवायचं. मागून मिळेल ते नाही. घरात दोन दिवस कुरबुर होते, मग सवय होते.

सुमेधा, पुणे

मुक्ता, उरतं कारण जास्त शिजतं. तांदूळ माणशी ५० ग्रॅम मोजून लावले, डाळ वाढवली, पोळ्या ठरवून केल्या तर संपवायला काही मागे राहत नाही. आणि हे मोजणं एकट्या बाईचं काम नाही. कणीक मळायला आणि कुकर लावायला घरातल्या पुरुषाला कुणी अडवलेलं नाही. मी सगळ्यांचं एकच ताट म्हणते ते यासाठीच. सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलांना आणि तिला तीच उसळ, तेवढीच, एकाच वेळी बसून.

मुक्ता, नागपूर

एकाच वेळी बसून, हे लिहिलंत ते बरं केलंत. पण आमच्याकडे गरम पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. ती वाढणारी त्याच वेळी जेवू शकत नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, एवढ्या साध्या बदलावर आमच्या घरात महिनाभर वाद चालला. तेलाचा भागाकार त्यापुढे फार सोपा आहे.

रोहन, सदाशिव पेठ

घरचं जेवणच मिळत नाही त्यांनी काय करायचं? मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, मेसला जेवतो. भाजीवर तेलाचा तवंग, आमटी पाण्यासारखी, पोळ्या हव्या तेवढ्या. पोट पोळ्यांनीच भरतं. दिवसभर अभ्यासिकेत बसून असतो.

प्राची, नाशिक

रोहन, भाजी वाटीतून घे, तवंग वर राहू दे, फोडी तेवढ्या उचल. पोळ्या तीनवर थांब. खोलीवर अर्धी वाटी हरभरे किंवा मूग रात्री भिजत घाल, सकाळी कांदा-टोमॅटो घालून खा, गॅस लागत नाही. परवडेल तेव्हा दोन उकडलेली अंडी, नाहीतर रोज पावशेर दही. आणि अभ्यासिकेतून दर तासाला उठून दोन मजले चढून ये.

अभिजित, कोल्हापूर

हेमंतकाकांचा औषधांचा इशारा शंभर टक्के बरोबर आहे, मधुमेहींनी तो पाळावाच. पण मूळ मुद्द्यावर मी हटणार नाही. सुमेधाताईंची पद्धत अशा घरात चालेल जिथे किराणा, स्वयंपाक आणि वाढणं तिन्ही एका विचाराच्या माणसांच्या हातात आहे. मुक्ताताईंचं घर तसं नाही, रोहनची मेस तशी नाही. मे महिन्यात एका आठवड्यात चार लग्नं असतात, तिथे तुमचं साडेतीन लिटर कोण पाळणार? दोन वेळांचा नियम पाळायला घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही. जेवणाआधीचं सरबत आणि नंतरचा चहा नाही म्हटलं की झालं.

सुमेधा, पुणे

लग्नाचे चार दिवस सोडा हो, उरलेल्या दिवसांचं बोलू. तुमच्या त्या दोन जेवणांत उसळ किती आणि रस्स्यावर तेलाचा तवंग किती, ते या महिन्याचा तेलाचा डबा संपला की इथे लिहा. किती माणसांत किती लिटर संपलं, एवढं कळलं तरी पुढचं बोलता येईल. वैशाली, तुम्हीही शेंगदाण्यासकट आकडे द्या.