‘आयडेंटिटी कॉलम’ला अनुक्रमांक म्हणायचं का?

चिकटवही
एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका करतेय. वाचणार कोण, तर काउंटरवर बसणारी मुलं-मुली आणि तालुक्याचे लेखापरीक्षक. टेबलातल्या पहिल्या रकान्याला मूळ मजकुरात ‘आयडेंटिटी’ म्हटलंय. नवी ओळ घातली की ज्यातला नंबर आपोआप पुढे सरकतो, तो. मी बिनधास्त ‘अनुक्रमांक’ लिहून मोकळी झाले. काल तपासणाऱ्या काकांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, “अनुक्रमांक म्हटलं की मधला आकडा गळता कामा नये. इथे ४१२ नंतर थेट १००२ आहे. लेखापरीक्षक मधल्या ५८९ पावत्या मागेल, तू देणार का?”
मी लहानपणापासून अनुक्रमांक म्हणजे नुसता नंबर असंच समजत आले. कोण बरोबर?

नल_व्हॅल्यू
काका बरोबर, पण शब्दापुरतेच. ही उडी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची आहे, २०१२ च्या आवृत्तीपासूनची. रकाना ‘इंट’, म्हणजे साध्या पूर्णांकाचा असेल तर सर्व्हर हजार आकड्यांचा गठ्ठा आधीच उचलून ठेवतो. सर्व्हर अचानक बसला की गठ्ठ्यातले उरलेले गेले. २०१७ च्या आवृत्तीत हे बंद करायची सोय दिली, पण तेवढ्यानं भागत नाही. व्यवहार अर्ध्यात फसून रोलबॅक झाला, म्हणजे केलेलं सगळं मागे फिरवलं, तरी घेतलेला नंबर परत येत नाही. दुसरे डेटाबेस, म्हणजे मायएसक्यूएलचं ऑटो इन्क्रिमेंट घ्या, पोस्टग्रेसचं सीरियल घ्या, तिथेही तेच. आणि ते मुद्दाम तसं आहे. नंबर परत घ्यायचा ठरवला तर एका काउंटरची पावती पुरी होईपर्यंत बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं.
पावतीवर हा नंबर छापला, तिथेच माती खाल्ली. पावतीला वेगळा नंबर ठेवा. मग याला गणपत म्हणा नाहीतर अनुक्रमांक.

जुना_कारकून
‘नंबर गळतो’ याचं नवल वाटणाऱ्यांनी तलाठ्याचा गाव नमुना सहा, म्हणजे जमिनीच्या फेरफारांची नोंदवही, एकदा उघडून बघावा. फेरफार नामंजूर झाला तरी त्याचा क्रमांक त्याच्याकडेच राहतो, पुढच्या फेरफाराला देत नाहीत. फरक एवढाच की तिथे त्या क्रमांकासमोर शेरा असतो. तुमच्या टेबलात ओळच नाही. लेखापरीक्षकाला नंबर गळाल्याचं दुःख नसतं हो, शेरा नसल्याचं असतं.
आणि आवक-जावकला दर १ जानेवारीला पुन्हा १ पासून सुरुवात, तरी जावक ‘क्रमांक’च म्हणतो ना आपण? अनुक्रमांकाचं एवढं काय घेऊन बसलात?

शुद्धलेखनी
क्रमांक आणि अनुक्रमांक एक नव्हेत. ‘अनु’ म्हणजे पाठोपाठ. एकामागे एक न तुटता आलेला तो अनुक्रम. म्हणून यादीच्या डाव्या कडेला ‘अ. क्र.’ लिहितात. त्यातली एक ओळ खोडली की खालचे सगळे आकडे बदलावे लागतात. इथे ते बदलत नाहीत, तेव्हा काकांची लाल रेघ योग्य.
माझी सूचना : स्वयंवर्धी ओळखस्तंभ.

नल_व्हॅल्यू
ओळखस्तंभ! पंधरा ऑगस्टला हार घालायला जायचं का त्याला?

शुद्धलेखनी
हसा. ‘क्रमांक’ आणि ‘स्तंभ’ हे दोन्ही सावरकरांनी रुळवलेल्या शब्दांच्या यादीत सापडतात. तेव्हाही लोक हसलेच असतील. आज ‘क्रमांक’ कुणाला खटकतो?

सातबारा
यादीत ‘झरणी’पण सापडते की. फाउंटन पेनाला कुणी झरणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. रुळलेले शब्द मोजायचे आणि बुडालेले विसरायचे, हाच तुमचा रोलबॅक.

पाटीपुसणे
गणिताकडून एक गंमत. आयडेंटिटीला शाळेत दोन शब्द शिकवतो : त्रिकोणमितीत ‘नित्य समानता’ आणि बेरजेच्या शून्याला ‘अविकारक’. आमच्या वर्गात कुणीतरी विचारेल, जो दर ओळीला वाढतो तो अविकारक कसा? पण वाढतो रकाना. एकदा एका ओळीला मिळालेला आकडा मग हलत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो अपडेट करू गेलात तर साफ नकार येतो. म्हणजे अविकारकच!
(हे पुस्तिकेत लिहू नका. मुलं पळून जातील.)

निर्लेखित
मी ग्रंथालयात २२ वर्षं काढली. आमच्याकडे या वस्तूला शब्द आहे आणि तो कुणी बसून घडवलेला नाही : दाखल क्रमांक. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत पुढचा आकडा मिळतो. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, निर्लेखनात, म्हणजे रद्दबातल होऊन गेलं, तरी तो आकडा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. एका नव्या मुलानं हौसेनं मोकळे आकडे भरून काढले होते. मग जुन्या कार्डावर एक कादंबरी आणि कपाटात पाककृती. महिनाभर निस्तरत होतो.

पाटीपुसणे
+१. शाळेतही हजेरी क्रमांक वेगळा आणि जनरल रजिस्टरचा वेगळा. हजेरीचा दर जूनमध्ये बदलतो, रजिस्टरचा थेट दाखल्यावर जातो. माझा हजेरी क्रमांक सातवीत ४७ होता. ४६ नंबरची मैत्रीण शाळा सोडून गेली आणि मी ४६ झाले. वर्षभर तिच्या नावाला ओ देत होते.

नल_व्हॅल्यू
ताई, तुमच्या शाळेनं प्रायमरी की, म्हणजे नोंदीची कायमची ओळखच बदलली. गुन्हा आहे.

चिकटवही
दाखल क्रमांक आवडला. पण काउंटरवरच्या मुलीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “कुठे दाखल, दवाखान्यात?” तिच्या तोंडी ‘आयडी’ आहे. “ताई, आयडी किती पडला?” नंबर ‘पडतो’ हे मात्र छान वाटलं.

सातबारा
मग आयडीच लिहा. प्रश्न मिटला.

शुद्धलेखनी
मिटला कसा? उद्या रकान्याला कॉलम लिहाल.

सातबारा
रकाना तरी तुमचा कुठे? रक्कम अरबी, रकानाही त्याच घरचा असणार असा माझा अंदाज.

शुद्धलेखनी
अंदाजावर व्युत्पत्ती चालत नाही. आधार द्या.

चिकटवही
मंडळी, परवा छपाईला जातंय. ‘नोंद क्रमांक’ चालेल का? आणि गळालेल्या आकड्यांबद्दल खाली एक ओळ टाकू?

जुना_कारकून
रकाना अरबी असो नसो, आमच्या दप्तरात त्याला ‘खाना’ म्हणणारे एक भाऊसाहेब होते. दुपारी “खाना भरला का?” विचारायचे, आणि शिपाई डबा घेऊन यायचा.