शब्दचर्चा: ‘कॅरेक्टर’ म्हणजे पात्र की स्वभाव?

प्रश्न: इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या रहस्यकादंबरीच्या प्रस्तावनेचं मराठी करते आहे आणि सुरुवातीलाच अडले. तो म्हणतो, आधीच्या काही कादंबऱ्यांत परिस्थितीचा ‘कॅरेक्टर’वर होणारा परिणाम दाखवला, या वेळी उलटं केलंय, ‘कॅरेक्टर’चा परिस्थितीवर होणारा परिणाम शोधलाय. इथे ‘पात्र’ लिहू का? वाचताना कसंतरीच वाटतंय. आणि ‘प्लॉट’ला कथानक म्हणावं की संविधानक?

उत्तर: ताई, ‘पात्र’ नको. तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच आहे. पात्र म्हणजे मुळात भांडं. संस्कृत नाटकातून हा शब्द आपल्याकडे आला, आणि लेखकाने जे ओतलं ते धरून ठेवायचं, एवढंच काम त्याच्याकडे आहे असं मला तो वापरताना नेहमी वाटतं. पात्र प्रवेश करतं, रंगवलं जातं, निघून जातं. इंग्रजी शब्दाचं ग्रीक मूळ मात्र ठशाचं आहे, कोरलेल्या खुणेचं. आपण ‘ठसठशीत व्यक्तिरेखा’ म्हणतो तेव्हा त्याच्या जवळ जातो. तरी इथे व्यक्तिरेखाही चालणार नाही, आणि ‘चारित्र्य’ तर मुळीच नको, त्याला लगेच ‘कॅरेक्टर सर्टिफिकेट’चा वास येतो. कॉलिन्सला म्हणायचंय स्वभाव. मी लिहीन: ‘माणसाच्या स्वभावामुळे घटना कशा वळण घेतात, याचा माग या वेळी काढला आहे.’

हे नुसतं कोशातून सांगत नाहीये, कादंबरीच तसं सांगते. (पुढे रहस्य फुटणार आहे. वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.)

२१ जून १८४८, रेचल व्हेरिंडरचा अठरावा वाढदिवस. त्या रात्री तिचा ‘मूनस्टोन’ नावाचा हिरा नाहीसा होतो. तिच्या खोलीच्या दारावर नुकताच रंग दिलेला असतो आणि त्या ओल्या रंगावर एक फराटा उठलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी म्हणतो, मोलकरणींचे घागरे घासले असतील, किरकोळ गोष्ट आहे. लंडनहून तपासाला आलेला पोलीस गुप्तहेर सार्जंट कफ म्हणतो, किरकोळ गोष्ट म्हणून काही असते हे मला अजून आढळलेलं नाही. ज्या कपड्याला तो रंग लागलाय तो शोधायचा म्हणून तो घरातल्या सगळ्यांची कपाटं तपासू द्या म्हणतो. रेचल नकार देते, आणि झडती तिथेच थांबते.

ती नाही का म्हणते? तिने हिरा उचलणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तो फ्रँकलिन ब्लेक आहे, ज्याच्यावर तिचा जीव आहे. त्याला कुणीतरी नकळत अफू दिली होती आणि आपण काय केलं हे त्याला स्वतःलाही माहीत नाही, हे तिला कुठून कळणार? ती त्याला पकडून देत नाही आणि माफही करत नाही. गप्प राहते. ती मानी आहे, सगळं मनात ठेवणारी आहे, म्हणून गप्प राहते. एखादी मोकळ्या स्वभावाची मुलगी असती तर दुसऱ्या दिवशी न्याहारीलाच विषय संपला असता आणि कादंबरी उरलीच नसती. कॉलिन्सने प्रस्तावनेत हेच सांगितलंय: एका तरुण मुलीचं अचानक आलेल्या प्रसंगातलं वागणं, या पायावर पुस्तक उभं आहे.

रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीचंही तसंच. तिला फ्रँकलिनच्या रात्रीच्या कपड्यावर रंग दिसतो. ती गुपचूप कापड आणते, रात्रभर जागून हुबेहूब दुसरा कपडा शिवते आणि डागाचा कपडा पत्र्याच्या पेटीत घालून रुतणाऱ्या वाळूत पुरते. हे ती लोभापायी करत नाही. ज्याने आपल्याकडे कधी धड पाहिलंही नाही, त्याच्यासाठी करते. कफला शिवणकामाचा वास लागतो, पण तिथून तो सुतावरून स्वर्ग गाठतो: कर्ज फेडायला रेचलनेच स्वतःचा हिरा लपवला, असं ठरवून मोकळा होतो. पुरावा त्याने नीट वाचला, मुलगी वाचता आली नाही.

आता ‘प्लॉट’. संविधानक म्हणजे नीट लावलेली मांडणी, आणि इथे वेगवेगळे निवेदक आळीपाळीने आपापला भाग सांगतात, त्यामुळे मांडणीबद्दल लिहाल तिथे संविधानक शोभेल. काय घडलं एवढंच सांगायचं असेल तिथे कथानक. इंग्रजीत ‘प्लॉट’ म्हणजे कटसुद्धा. तो पदर मराठीत सुटतो, त्याला इलाज नाही.

पण दुसरा एक पदर आपल्याला आयता मिळतो. ‘क्लू’ हा शब्द म्हणजे मुळात सुताचा गुंडा, ग्रीक कथेत भूलभुलैयातून बाहेर यायला थीसियसला दिलेला. आणि आपले शब्द पाहा: धागेदोरे, गुंता, उकल, उलगडा. सगळे सुताचे नाहीतर कापडाचे. ‘सुगावा’, ‘पुरावा’ आहेतच, पण या पुस्तकात जमेल तिथे धागाच ठेवा. रहस्यच इथे एका शिवलेल्या कपड्यात आहे.

दुसरा प्रतिसाद: मूनस्टोनपुरतं पटलं. पण शेरलॉक होम्सच्या कथांत तर घटनाच सगळं चालवते. तिथे पात्र म्हणायला काय हरकत?

उत्तर: बऱ्याच ठिकाणी हरकत नाही, खरंच. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात त्या सुट्या कथा येऊ लागल्या. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीत आलेल्या अशिलाला मनात घर करायला वेळच मिळत नाही. तो अडचण घेऊन येतो, ओतून जातो. तिथे पात्र हा शब्द चपखल बसतो. मात्र उलगडा कशावर होतो तेही पाहा. ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री तबेल्यातून घोडा जातो आणि कुत्रा भुंकत नाही. का? येणारा त्याच्या ओळखीचा होता. म्हणजे तिथेही सगळा छडा कुत्र्याच्या स्वभावावर लागतो!

प्रश्नकर्ती: ‘स्वभाव’ पक्कं केलं. मग त्या डागाच्या कपड्याला सरळ ‘नाइटगाऊन’च ठेवू ना?

उत्तर: नको, तिथे मोठा घोटाळा होईल. त्या काळी इंग्लंडमध्ये पुरुषही तो घालून झोपत. इंग्लंडमध्ये खरोखर घडलेल्या १८६० च्या रोड हिल खुनात त्या घरातल्या सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंटचा असाच कपडा गायब झाला होता, आणि कॉलिन्सने तो धागा तिथूनच उचलून पुरुषाच्या अंगावर घातला. आपल्याकडे गाऊन फक्त बायकांचा. मराठी वाचक शेवटपर्यंत बाईच शोधत बसेल. ‘सदरा’ लिहाल तर पुरुष आधीच उघडा पडेल. पेटी वाळूतून निघून फ्रँकलिन त्यावर स्वतःचं नाव वाचेपर्यंत ‘रात्रीचा कपडा’ एवढंच लिहा.