मदत हवी आहे: वजन 39 किलो उतरलं, पण दम आधीपेक्षा लवकर लागतो

नमस्कार मंडळी. वय 43, गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. मागच्या पौषात नागपूरला स्लीव्हचं ऑपरेशन झालं (वजन उतरवायला पोट कापून लहान करतात ते). तेव्हा 118 होते, आता 79. शुगरची गोळी सुटली, गुडघे बरे झाले, घोरणं थांबलं (घरच्यांच्या मते खरा फायदा हाच). बीपीच्या दोन गोळ्या मात्र आधीच्याच मापानं चालू आहेत.

परवा सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापसाची वेचणी धरली. कमरेला ओटी बांधून जेमतेम दोन तासं वेचली. वाकून उठलं की डोळ्यापुढं अंधारी. ओटी रिकामी करायला धुऱ्यापर्यंत जाईस्तोवर छातीत धडधड. 118 किलोची होते तेव्हा घामानं निथळायचे, पण गाठोडं उचलून बैलबंडीत टाकायचे. काल तेच गाठोडं गुडघ्याच्या वर येईना, हात थरथरायला लागले. सासूबाई म्हणतात, पोट कापलं तेव्हाच ताकद गेली.

इको (हृदयाची सोनोग्राफी) ऑपरेशनच्या आधी केला होता, नॉर्मल होता. बसल्या जागी नाडी 54 भरते. रक्त पाच महिन्यांपासून तपासलं नाही. खाणं म्हणाल तर सकाळी एक अंडं, दुपारी अर्धी भाकर न वरण, रात्री पिठल्याचे चार-पाच घास. प्रोटीनची पावडर संपली ती परत आणली नाही, परवडत नाही.

हृदयाचं काही असेल का? आणि गावात जिम नाही, वावरातलं काम व्यायाम म्हणून पुरतं का?

प्रतिसाद:
ताई, माझं बायपास होऊन तीन वर्षं झाली (पोटाचं, हृदयाचं नव्हे, हे गावात अजून समजावतो आहे). आधी बीपी बघा, एकदा पडून न एकदा उभं राहून. वजन उतरलं की बीपीही उतरतं, मग जुना डोस जास्त होतो न उठताना अंधारी येते. काही गोळ्यांनी नाडीही मंद राहते. पण मनानं बंद करू नका, डॉक्टरला दाखवूनच कमी करा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-12 करून घ्या. रक्त कमी असलं तरी असाच दम लागतो. ईसीजीही काढा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर वेचणी सोडून सरळ दवाखाना.

ताकदीचं म्हणाल तर चरबीसोबत मांसही जातं. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन लागतं, तुमचं निम्मंही होत नसेल. एका अंड्यात 6 ग्रॅमच. ताटात वरण, अंडं, सोयाबीनची वडी आधी खा, भाकर मागून. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं घ्या.

वावरातल्या कामात कमर मोडते, पण दमसास वाढेलच असं नाही. रिपोर्ट बरे आले की आठवड्यात 150 मिनिटं झपझप चाला. बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यातून दोन दिवस खाटेवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठा, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचला. मला सहा खेपांत घाम फुटला होता.

ताई (धागाकर्ती):
भाऊ, आत्ताच गावातल्या आशाताईंकडून (आशा सेविका) बीपी मोजून घेतलं. बसून 108, उभी राहिल्यावर 86. उद्या पहिल्या एसटीनं निघते. वेचणी जाऊबाईकडे दिली.