‘रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणायचं?

निळी शाई:
एका दिवाळी अंकासाठी १९७२च्या अमेरिकी निवडणुकीवरचा लेख मराठीत करते आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न आणि त्यांचे रनिंग मेट टॉमस ईगलटन यांचं प्रकरण. सगळं सुरळीत चाललं होतं, ‘रनिंग मेट’पाशी गाडी अडली. मी पहिल्या खर्ड्यात तो शब्द तसाच ठेवला होता. संपादकांनी सरसकट ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ करून परत पाठवलं.

बहुतेक ठिकाणी ते चालतं, पण दोन जागी वाक्य मरतं. पहिली जागा: मॅकगव्हर्न यांनी एडवर्ड केनेडी यांना विचारलं, ते नाही म्हणाले, मग आणखी काहींनी नकार दिला आणि पक्षाचं अधिवेशन चालू असतानाही रनिंग मेट मिळेना. ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार मिळेना’ म्हटलं की पक्षात माणसांचा दुष्काळ पडला होता असं वाटतं. प्रत्यक्षात *ह्या* माणसाबरोबर उभं राहायला कोणी राजी नव्हतं. दुसरी जागा शेवटची. ईगलटन यांच्यावर नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार झाल्याचं उघड झालं, मॅकगव्हर्न आधी म्हणाले की मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे आणि उमेदवारी मिळाल्यापासून १८ दिवसांत ईगलटन यांना बाजूला व्हावं लागलं. इथे पदापेक्षा सोबत तुटल्याचं दुःख मोठं आहे. ‘मेट’मधला तो भाव मराठीत कसा आणू?

जुना वाचक:
‘सहउमेदवार’. लहान आहे, कळतो, समासही सरळ आहे.

मधली सुट्टी:
सहउमेदवार म्हणजे माझ्याबरोबर त्याच जागेसाठी मुलाखतीला आलेला दुसरा माणूस. बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेले सगळे एकमेकांचे सहउमेदवार. निवडणुकीत तर हा अर्थ थेट प्रतिस्पर्ध्यावर जातो. ‘मॅकगव्हर्नचे सहउमेदवार’ म्हटल्यावर मला त्यांच्याविरुद्ध उभे असलेले निक्सन आठवले तर चूक कोणाची?

पाठभेद:
त्याहून मोठी अडचण म्हणजे ‘उमेदवार’ फारसी, त्याला संस्कृत ‘सह’ जोडायचा. हा संकर आहे. शब्द घडवायचाच तर नीट घडवा. ‘अनुस्पर्धक’ घ्या. स्पर्धेत मुख्य स्पर्धकाच्या बरोबर आणि त्याच्या मागोमाग असणारा. ‘महापौर’ हा सावरकरांनी दिलेला शब्दही कधीतरी नवाच होता, आज कुणाला तो परका वाटतो? आपण शब्द वापरायला लाजतो आणि मग मराठीत शब्द नाही म्हणतो.

दस्त क्रमांक:
पाठभेद, संकराचा मुद्दा मला मान्य नाही. माझी नोकरी नोंदणी खात्यात गेली. आमच्या कार्यालयाच्या पाटीवर ‘सह दुय्यम निबंधक’ लिहिलेलं असे. ‘सह’ संस्कृत, ‘दुय्यम’ फारसी, ‘निबंधक’ पुन्हा संस्कृत. हजारो लोक त्या पाटीखाली रांग लावून घरं विकत घेऊन गेले, कोणाचं काही अडलं नाही. ‘जिल्हाधिकारी’त ‘जिल्हा’ अरबी आहे. तो बदलणार आहात का? भाषेत मिसळलेल्या शब्दाची जात विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठभेद:
प्रश्न जातीचा नाही, घडणीचा आहे. रूढ झालेल्यांना मी हात लावत नाही. नवा शब्द करताना तरी काळजी घ्या, एवढंच म्हणणं आहे.

घाटवाट:
मुळाशी जाऊ या. ‘रनिंग मेट’ घोड्यांच्या शर्यतीतून आलाय. एकाच मालकाचे दोन घोडे उतरवायचे, एक जिंकण्यासाठी आणि दुसरा त्याला वेग लावून देण्यासाठी. दुसरा जिंकावा अशी अपेक्षाच नसते. अमेरिकेत हा शब्द पुढे राजकारणात शिरला.

आता आमच्याकडचं सांगतो. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ भागात बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पळतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते, वर स्वार. बैल तिच्या मागे जीव तोडून धावतात. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, झाली की लोक बैल कोणाचे हे विचारतात तसंच घोडी कोणी धरली हेही विचारतात. शर्यतींवर बंदी होती तेव्हा चांगल्या घोड्या विकल्या गेल्या, त्यांचे स्वार दुसऱ्या कामाला लागले. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा कायम केला, तेव्हा गावागावांत गुलाल उधळला. सांगायचा मुद्दा, दुसऱ्याला पळवण्यासाठी पळणारा ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. तिला शब्द आपल्याच घाटात सापडेल.

मधली सुट्टी:
चित्र सुंदर आहे, पण उलटं आहे. घोडी पुढे असते. उपाध्यक्षपदाचा माणूस मागे असतो.

घाटवाट:
नेहमी मागे नसतो. १९६०मध्ये केनेडींनी लिंडन जॉन्सन यांना घेतलं ते टेक्सास आणि दक्षिणेसाठीच. जॉन्सन तिथे पुढे नसते तर बोस्टनच्या कॅथलिक तरुणाला टेक्सासने मत दिलं असतं, असं मला वाटत नाही. टेक्सास केनेडींना मिळालं, तेही थोडक्यात.

एडिसनवाली:
मी वीसेक वर्षं न्यू जर्सीत आहे. इथली मराठी माणसं घरात हे कसं बोलतात ते सांगते, कारण तोच माझ्यासाठी खरा पुरावा. २०२४च्या जुलैत बायडेन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उभ्या राहिल्या. त्यानंतर वॉल्झ यांचं नाव ६ ऑगस्टला येईपर्यंत आमच्याकडे प्रत्येक जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न होता: ‘कमलाने कुणाला घेतलं?’ माझ्या सासूबाई, ज्यांना इथल्या निवडणुकीचं फारसं कौतुक नाही, त्याही विचारायच्या, ‘घेतलं का गं तिने कुणाला?’ नामाची गरजच पडली नाही. मराठीचं काम क्रियापदाने होतं. ‘बरोबर घेणे’, ‘सोबतीला घेणे’. निळी शाई, तुम्ही नाम शोधत बसला आहात म्हणून अडलं आहे.

निळी शाई:
हे फार उपयोगी आहे, एडिसनवाली. पहिली जागा सुटते: ‘त्यांच्याबरोबर उभं राहायला कोणी तयार होईना.’ पण लेखाच्या शीर्षकात ‘रनिंग मेट’ आहे. तिथे क्रियापद कसं बसवू?

जुना वाचक:
‘घेतलं’ला माझी हरकत इतिहासाची आहे. उमेदवारच जोडीदार घेतो हा रिवाज अलीकडचा. मुळात अमेरिकेत अशी सोबत नव्हतीच. निर्वाचकांची (इलेक्टर) सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष, अशी पद्धत होती. म्हणून १७९६मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. १८००मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना सारखीच ७३ मतं पडली, प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान झालं तेव्हा निकाल लागला. त्यानंतर १८०४ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांसाठी वेगळी मतं सुरू झाली.

पुढेही फार काळ उपाध्यक्षपदाचं नाव पक्षाचं अधिवेशन ठरवत असे. १९४०मध्ये रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला, वॉलेस नसतील तर मी उभा राहत नाही इथवर गेले, तेव्हा ते झालं. उलट १९५६मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार स्टीव्हन्सन यांनी निवड अधिवेशनावर सोडली आणि प्रतिनिधींनी तरुण केनेडींना बाजूला ठेवून केफॉव्हर यांना निवडलं. तिथे ‘स्टीव्हन्सनने केफॉव्हरला घेतलं’ असं लिहिलं तर ते खोटं होईल. रनिंग मेट मात्र केफॉव्हर होतेच. म्हणून नाम हवं.

एडिसनवाली:
१९५६साठी ‘मिळाला’ म्हणा की. ‘स्टीव्हन्सनना केफॉव्हर मिळाले.’ मराठीत इतका साधा फरक क्रियापद करतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नैरोबीकर:
केनियातून लिहितो. इथे रनिंग मेट हा शब्द बातम्यांत सतत असतो, कारण राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला आपल्या जोडीच्या माणसाचं नाव द्यावंच लागतं आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. २०२२मध्ये रुटो यांच्याबरोबर गचागुआ होते, ओडिंगा यांच्याबरोबर मार्था करुआ. रुटो-गचागुआ निवडून आले आणि २०२४च्या ऑक्टोबरात गचागुआंना महाभियोगाने पदावरून दूर केलं. सोबत तुटल्याचं दुःख म्हणालात, ते इथे घराघरांत बोललं गेलं, विशेषतः गचागुआंच्या माउंट केनिया भागात.

स्वाहिलीत याला ‘म्गोंबेआ म्वेन्झा’ म्हणतात. म्गोंबेआ म्हणजे उमेदवार, म्वेन्झा म्हणजे जोडीदार. गंमत म्हणजे नवरा किंवा बायको यासाठीही म्वेन्झा वापरतात. मराठीतला ‘जोडीदार’ अगदी तसाच आहे. त्यांनी तो संकोच न करता घेतला. आपणही ‘जोडीदार’ घ्यावा.

पाठभेद:
‘हॅरिस यांनी जोडीदार निवडला.’ हे वधूवर मंडळाचं वाक्य आहे.

नैरोबीकर:
संदर्भ असताना कोणी असं वाचत नाही, पाठभेद. बॅडमिंटनच्या दुहेरीत ‘जोडीदार’ वाचताना तुम्हाला लग्न आठवतं का?

मधली सुट्टी:
खेळाचा विषय निघालाच आहे तर ‘भिडू’ का नको? पत्ते, विटीदांडू, कॅरम, सगळीकडे आपल्या बाजूने खेळणारा तो भिडू. भिडू वाटून घ्यायचे, भिडू मागायचा, भिडू कमी पडला तर गल्लीतून आणायचा. त्यात निवड आहे, सोबत आहे आणि समोरच्याशी सामना आहे. ‘मॅकगव्हर्नना भिडू मिळेना.’ यापेक्षा नेमकं वाक्य मला सुचत नाही.

पाठभेद:
भिडू हा मुंबईच्या चित्रपटांतला टपोरी शब्द आहे. अमेरिकी निवडणुकीवरच्या लेखात तो शोभणार नाही.

दस्त क्रमांक:
टपोरी? आमच्या विदर्भातल्या गावात चित्रपटगृह नव्हतं तेव्हाही आम्ही भिडू पाडत होतो. आईसुद्धा सारीपाटाला बसली की म्हणायची, ‘माझा भिडू कोण?’ चित्रपटांनी तो शब्द आपल्याकडून उचलला, आपण त्यांच्याकडून नाही. पडद्यावर गेला म्हणून आपला शब्द आपणच टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

घाटवाट:
भिडू ‘भिडणे’वरून असावा असं मला वाटतं. मग तो आधी अंगावर येणारा होता की खांद्याला खांदा लावणारा?

मधली सुट्टी:
दोन्ही अर्थ ‘भिडणे’तच आहेत. शत्रूला भिडतो आणि भिंतीला भिंतही भिडते.

जुना वाचक:
एक प्रश्न सगळ्यांना. जोडीदार, भिडू, जोडउमेदवार, ह्या सगळ्यांत दोघे एकत्र जिंकतात किंवा हरतात असं गृहीत आहे. फिलिपिन्समध्ये तसं नाही. तिथेही रनिंग मेट असतो, पण दोन पदांना मतदार वेगवेगळी मतं देतो. २०१६मध्ये दुतेर्ते जिंकले आणि त्यांच्याबरोबर उभे राहिलेले कायेतानो हरले. उपाध्यक्ष झाल्या लेनी रोब्रेडो, ज्या दुतेर्तेंचे प्रतिस्पर्धी मार रोहास यांच्या बाजूच्या होत्या. २०२२मध्ये मार्कोस आणि सारा दुतेर्ते मात्र दोघेही निवडून आले.

दस्त क्रमांक:
ह्याला महाराष्ट्रात शब्द आहे आणि तो रोजचा आहे: पॅनेल. सहकारी साखर कारखाना असो की गावची सोसायटी, ‘आमच्या पॅनेलचा’ म्हटलं की समजतं. मतदाराने दोन्ही पॅनेलांतली माणसं निवडली तर ‘पॅनेल फुटलं’ म्हणतात. रोब्रेडो निवडून आल्या तेव्हा फिलिपिन्समध्ये पॅनेल फुटलं. थेट सरपंच आल्यापासून तर हे आणखी जवळचं आहे. सरपंचपदाचा उमेदवार एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्याचे जास्त, असं कितीतरी गावांत झालं. फक्त उपसरपंच लोक निवडत नाहीत, सदस्य निवडतात, म्हणून अमेरिकेशी तुलना तिथे थांबते.

पाठभेद:
पॅनेल! एक इंग्रजी शब्द काढायला निघालो आणि दुसरा घेऊन आलो.

दस्त क्रमांक:
जो शब्द साताऱ्याच्या शेतकऱ्यापासून गडचिरोलीच्या ग्रामसेवकापर्यंत सगळे बोलतात तो मराठीच आहे. ‘अनुस्पर्धक’ कोण बोलतं?

पाठभेद:
कोणी लिहिलाच नाही तर बोलणार कसा? तुम्ही सगळे मिळून बोलीच्या नावाखाली नव्या शब्दाचा जन्मच होऊ देत नाही. माझ्या पिढीने शाळेत घडवलेले शास्त्रीय शब्द शिकले, त्यांवर विज्ञान शिकलो. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ‘गुरुत्वाकर्षण’ कोण बोलतं.

एडिसनवाली:
मला हे पटतं, पाठभेद. पण ‘गुरुत्वाकर्षण’ला वाचक धडा म्हणून भेटतो. दिवाळी अंक माणूस फराळानंतर आडवा होऊन वाचतो.

निळी शाई:
सगळ्यांचे आभार. संपादकांना मी असं कळवलं आहे: पहिल्या जागी ‘बरोबर उभं राहायला कोणी तयार होईना’, मजकुरात इतरत्र ‘जोडीदार’, शेवटी ‘सोबत १८ दिवसांत सुटली’. शीर्षकाचं ठरत नाही. मी ‘अठरा दिवसांचा भिडू’ सुचवलं. त्यांना ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ हवा आहे. शिवाय ते म्हणतात की भारतात उपराष्ट्रपती असतात म्हणून तिथल्यांनाही ‘उपराष्ट्रपती’ म्हणावं.

जुना वाचक:
मुळीच नको. आपल्या उपराष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारही असतात, उपराष्ट्रपतींच्या नसतात. तिथे कोणी कोणाबरोबर उभं राहत नाही. अमेरिकेसाठी ‘अध्यक्ष’ आणि ‘उपाध्यक्ष’च ठेवा.

नैरोबीकर:
‘राष्ट्राध्यक्ष’ जास्त स्वच्छ नाही का? नुसता अध्यक्ष म्हणजे कारखान्याचाही असतो, साहित्य संमेलनाचाही.

पाठभेद:
आणि ‘उपराष्ट्रपती’ छापलंच तर ‘उपराष्ट्रपतिपद’ असं ऱ्हस्व छापायला सांगा. तत्सम इकारान्त शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच राहतो. कविमन, बुद्धिवैभव, राष्ट्रपतिपद. गेल्या वर्षी अंकात सगळीकडे दीर्घ होता.

दस्त क्रमांक:
एवढा बारीक नियम आता कोण पाळतं?

पाठभेद:
मी पाळतो.

घाटवाट:
पाठभेद म्हणतात ते ह्यात बरोबर आहे, मीही ऱ्हस्वच लिहितो. पण मग ‘प्रतिनिधिगृह’ही ऱ्हस्व हवं. जुना वाचक यांनी वर तसंच लिहिलंय, वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रतिनिधीगृह’ दिसतं. तिथे कोणता नियम लावतात?